सीट सेन्सरचं पेटंट: वर्णनात नेमकं किती उघड करावं लागतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. चाकणच्या एका लहान कंपनीत तुम्ही सीटच्या फोमखाली बसणारी सेन्सर मॅट तयार केली आहे. सीटवर मोठं माणूस आहे, मूल आहे, चाइल्ड सीट आहे की नुसती बॅग, हे ती ओळखते आणि पुढची एअरबॅग फुगवायची की नाही ते एअरबॅगच्या ईसीयूला (नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटला) कळवते. तुमचा पेटंट एजंट म्हणतो, क्लेममध्ये (नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या भागात) 'कोणताही सेन्सर' लिहू आणि वर्णनात एक ओळ टाकू, की हा सेन्सर कॅपॅसिटिव्ह, ऑप्टिकल, अल्ट्रासॉनिक कसलाही असू शकेल. तुमचे साहेब म्हणतात, कॅलिब्रेशनचा (मॅटची मापं जुळवून घेण्याचा) तक्ता बाहेर जाता कामा नये. आणि तुम्ही विचारताय, कायद्याने किमान किती लिहिलं म्हणजे भागतं?

वाहनांच्या सुट्या भागांची पेटंटं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. पण 'किमान किती' हे सुटं ठरत नाही, ते क्लेमवरून ठरतं. एका मॅटचा, तिच्या एका सर्किटचा क्लेम असेल तर थोडक्या पानांत काम होतं. 'सीटवरच्या व्यक्तीचा प्रकार ओळखणारं कोणतंही साधन' असा क्लेम असेल तर चाळीस पानंही अपुरी पडू शकतात. तुमचा एजंट आणि तुमचे साहेब, दोघांचंही वेगवेगळं ऐकलं तर पटण्यासारखं आहे. गोची ही की दोघांचं एकदम ऐकलंत तर हातात येईल ते पेटंट कोर्टात पहिल्याच धक्क्याला कोसळेल. एकाला मागायचं आहे जास्त, दुसऱ्याला सांगायचं आहे कमी.

आधी कायदा. पेटंट कायदा, १९७० चं कलम १०(४) म्हणतं की कंप्लीट स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या पूर्ण वर्णनात) शोध, त्याचं चालणं किंवा वापर आणि तो अमलात आणायची पद्धत पूर्णपणे व नेमकेपणाने सांगितली पाहिजे, आणि अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धतही उघड केली पाहिजे. कलम १०(५) प्रमाणे क्लेम त्या वर्णनावर रास्तपणे बेतलेले हवेत. पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरने हरकत घेतली नाही म्हणजे सुटलो असंही नाही. अपुरं वर्णन हे कलम २५ खाली विरोधाचं कारण आहे आणि कलम ६४(१)(एच) खाली पेटंट रद्द करण्याचंही. तिथली कसोटी मोठी व्यवहारी आहे: त्या क्षेत्रातलं सरासरी कौशल्य आणि सरासरी ज्ञान असलेल्या भारतातल्या माणसाला फक्त तुमचा कागद वाचून ते काम करता आलं पाहिजे. तुमचा इंजिनियर नंतर साक्षीला उभा राहून 'हे असं करायचं असतं' म्हणाला, तरी कागदातली उणीव त्याने भरून निघत नाही.

अमेरिकेत हेच काम कलम ११२(ए) करतं. तिथे शोध तुमच्या हाती खरोखर होता हे दिसणं आणि दुसऱ्याला तो करता येणं, या दोन वेगळ्या अटी मानतात. युरोपात युरोपियन पेटंट कन्व्हेन्शनचं कलम ८३ आहे. भाषा वेगवेगळी असली तरी रोख एकच.

आता तुमच्या एजंटच्या त्या एका ओळीकडे येतो. तिच्यावरच अमेरिकेत एक निकाल आहे, आणि तोही एअरबॅगच्या सेन्सरचाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीज इंटरनॅशनल या कंपनीकडे बाजूने होणारी धडक ओळखणाऱ्या सेन्सरचं पेटंट होतं. क्लेममधली रचना साधी होती: एक हाउसिंग, त्यात हलू शकणारं एक वस्तुमान, त्या वस्तुमानाच्या हालचालीला प्रतिसाद देऊन संरक्षक यंत्रणा सुरू करणारं 'साधन', आणि हे सगळं दारावर किंवा गाडीच्या बाजूवर बसवण्याची सोय. कंपनीने बीएमडब्ल्यूसह अनेक बड्यांवर दावा लावला. अडचण अशी होती की गाड्यांमध्ये तोवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले होते, आणि पेटंटमध्ये मुख्यतः यांत्रिक सेन्सर होता. म्हणून कंपनीने कोर्टात आग्रह धरला की या 'साधना'त इलेक्ट्रॉनिकही येतं. कोर्टाने ते मान्य केलं. आणि तिथेच कंपनी अडकली.

क्लेममध्ये इलेक्ट्रॉनिक येत असेल तर तो कसा बनवायचा हे वर्णनात हवं, असं म्हणत कोर्टाने पेटंट उघडून पाहिलं. यांत्रिक सेन्सरला दोन पूर्ण स्तंभ आणि पाच आकृत्या. इलेक्ट्रॉनिकला एक छोटा परिच्छेद आणि एक आकृती. त्या परिच्छेदाचा आशय असा, की वस्तुमानाची हालचाल प्रकाश, रोध, धारिता किंवा चुंबकीय बदल अशा नाना तंत्रांनी टिपता येईल, आणि पुढचं प्रोसेसिंग डिझाइनरने हवं तसं करावं. सर्किटचा पत्ता नाही. सप्टेंबर २००७ मध्ये फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकन कोर्टाने) हे क्लेम अवैध ठरवले.

कंपनीचा बचाव तुमच्या एजंटकडून तुम्ही ऐकला असेल तसाच होता: जाणकाराला हे माहीत असतंच. कोर्टाचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. बाजूच्या धडकेचं संवेदन हे क्षेत्र तेव्हा नवं होतं, अशी धडक ओळखणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर अस्तित्वातच नव्हते. मग जाणकाराला माहीत असणार कुठून? जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती वगळली तर चालतं. शोधाचा जो नवा भाग आहे तो मात्र वर्णनातूनच यायला हवा. तांत्रिकदृष्ट्याही हे पटतं. समोरच्या धडकेत बंपरपासून माणसापर्यंत चुरगाळायला बराच पत्रा असतो. बाजूने माणूस आणि धडक यांच्यात फक्त दार. निर्णयाला मिळतात काही मिलिसेकंद. त्या वेळात दार आपटल्याचा धक्का कोणता आणि ट्रकचा कोणता, हे ठरवणारं सर्किट 'डिझाइनरने हवं तसं' म्हणून सोडता येत नाही.

(२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अँटिबॉडींच्या एका खटल्यात, अ‍ॅमजेन विरुद्ध सनोफीमध्ये, हेच तत्त्व पुन्हा ठासून मांडलं: जितकं जास्त मागाल तितकं जास्त करून दाखवा. त्यामुळे २००७ चा निकाल जुना झाला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.)

आता तुमची मॅट घेऊ. 'कॅपॅसिटिव्ह, ऑप्टिकल, अल्ट्रासॉनिक' ही ओळ वाचायला सोपी, पण यातलं प्रत्येक तंत्र वेगळीच गोष्ट मोजतं आणि वेगळ्याच ठिकाणी फसतं. तुमची मॅट दाब मोजते. दाब वाढला की रोध कमी होतो. शरीराची चाहूल घेणाऱ्या कॅपॅसिटिव्ह सेन्सरला वजन कळतच नाही, त्याला शरीरातलं पाणी 'दिसतं'. म्हणून पावसात भिजलेला रेनकोट सीटवर टाकला की त्याची पंचाईत होते. अल्ट्रासॉनिक परावर्तन मोजतो, जाड कापड ते शोषून घेतं. तेव्हा मॅटसाठी तुम्ही जे लॉजिक लिहिलंय ते या तिन्हींना लागू पडत नाही. एका ओळीत तुम्ही तीन निराळे शोध मागताय आणि त्यांतला एकही केलेला नाही.

उलट, मॅटमध्येच तुम्ही जे सोडवलं आहे त्यात खरा ऐवज आहे, आणि तोच तुमच्या मसुद्यात नाही. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०८ या वाहन सुरक्षा नियमात लहानखुऱ्या बाईचा चाचणीतला डमी सुमारे ४९ किलोचा आहे आणि सहा वर्षांच्या मुलाचा सुमारे २३ किलोचा. ऐकताना वाटतं, मध्ये इतकं अंतर आहे तर काट्यासारखं वजन करा आणि रेघ मारा. पण सीट म्हणजे काटा नव्हे. बाईचे पाय जमिनीवर असतात, वजनाचा काही भाग सीटवर येतच नाही. ती दाराकडे किंवा आर्मरेस्टवर कलली तर आणखी कमी. दुसरीकडे चाइल्ड सीट बेल्टने करकचून आवळली की बेल्टच सीटला खाली दाबतो आणि मॅटला वाटतं, मोठं माणूस बसलंय. म्हणून काही उत्पादकांनी बेल्टचा ताण मोजणारा वेगळा सेन्सर जोडला. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा फोम आणि डिसेंबरच्या पहाटेचा फोम एकसारखा दबत नाही, आणि पाच वर्षं वापरलेला तर अजिबात नाही. सीट कव्हर ताणून चढवलं की रिकाम्या सीटवरही मॅटवर दाब येतोच.

यातल्या कशाकशाला तुमच्याकडे उत्तर आहे? तुम्ही लिहिलंय की मॅट 'रिकामी सीटही अचूक ओळखते'. कशी? शून्य (रिकाम्या सीटचं मूळ माप) कधी धरता, मॅट सुटी असताना, कव्हर चढवल्यावर, की सीट गाडीत बोल्ट केल्यावर? नंतर ते शून्य सरकलं तर तुमचं सॉफ्टवेअर ते परत आणतं का, आणि किती हळू आणतं, म्हणजे शांत झोपलेलं मूल त्यात 'रिकामी सीट' ठरणार नाही? माझ्या अंदाजाने तुमचा शोध इथेच कुठेतरी आहे, कारण नुसती मॅट नवी नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे एआयएस-१४५ या वाहन मानकाप्रमाणे नव्या गाड्यांत सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि शेजारच्या सीटवर कुणी आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या मॅट तुमच्या भागातले किती तरी पुरवठादार बनवतात. 'कुणीतरी आहे' पासून 'कोण आहे' पर्यंत तुम्ही कसे पोचलात, तो रस्ता लिहा.

सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द. मसुद्यात 'वर्गीकरण मॉड्यूल' असा एक चौकोन काढून त्याला दोन बाण जोडले आहेत असं तुम्ही म्हणता. अमेरिकेत हा चौकोन धोक्याचा आहे. अ‍ॅरिस्टोक्रॅट विरुद्ध आयजीटी या २००८ च्या निकालापासून तिथे ठरलेलं आहे की क्लेम कार्याच्या भाषेत मांडला आणि ते काम संगणक करत असेल, तर त्यामागचा अल्गोरिदम वर्णनात हवा. नुसता प्रोसेसर दाखवून चालत नाही. आपल्याकडे कलम ३(के) ची (नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, अशी) हरकत येऊ शकते ती वेगळीच, पण तिथेही पायऱ्या आणि हार्डवेअरशी त्यांचा संबंध लिहिलेला असेल तर उत्तर द्यायला काहीतरी हातात असतं.

तुम्ही न्यूरल नेटवर्क वापरत असाल (तुमच्या 'पॅटर्न' या शब्दावरून शंका आली) तर युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाचा टी १६१/१८ हा २०२० चा निर्णय एजंटला वाचायला सांगा. विषय वेगळा आहे, हाताला मोजलेल्या रक्तदाबाच्या आलेखावरून महाधमनीतल्या दाबाचा आलेख काढण्याचा. पण दोष तोच: नेटवर्क कोणत्या डेटावर शिकवायचं ते सांगितलंच नव्हतं. निरनिराळ्या वयांचे, प्रकृतींचे रुग्ण घ्या, एवढंच म्हटलं होतं. मंडळाने ते अपुरं ठरवलं. तुमच्या बाबतीत 'विविध वजनांच्या व्यक्तींवर प्रशिक्षण दिले' हे वाक्य त्याच जातीचं आहे. किती प्रकारच्या बसण्याच्या स्थिती घेतल्या, चाइल्ड सीट कोणत्या प्रकारच्या, बेल्टचा ताण किती ते किती, तापमान कोणतं, प्रत्येक नमुन्याला लेबल कसं दिलं, हे लिहा.

आता साहेबांचा मुद्दा. कॅलिब्रेशन लपवता येईल का? हे परिस्थितीवर आहे, पण निवड करायची रीत सांगतो. सीट विकत घेऊन फाडली की जे दिसतं ते गुपित राहणारच नाही. मॅटचा आकार, सेलची मांडणी, वायरिंग. ते पेटंटमध्ये घाला. जे फक्त तुमच्या कारखान्यात लाइनच्या शेवटी घडतं, बाहेरून कळत नाही, आणि ज्याच्याविनाही क्लेममध्ये लिहिलेली गोष्ट नीट चालते, ते गुपित ठेवायला हरकत नाही. मात्र आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही, मुख्य भिस्त करारांवर; तेव्हा नोकरी सोडणाऱ्यांचे आणि पुरवठादारांचे कागद आधी तपासा.

पण क्लेममधला परिणाम ज्यावर उभा आहे, ते लपवता येत नाही. 'चाइल्ड सीट ओळखते' असा क्लेम आणि ती ज्या उंबरठ्यामुळे (मर्यादेच्या आकड्यामुळे) ओळखते तो गुपित, हे जमणार नाही. त्यात भारतात एक खास अडचण आहे. अमेरिकेत सर्वोत्तम पद्धत न सांगितल्याच्या कारणावरून २०११ च्या दुरुस्तीनंतर पेटंट रद्द करता येत नाही, त्यामुळे तिकडचे मसुदे पाहून आपले लोक ढिले पडतात. आपल्या कलम ६४ मध्ये ते कारण अजून जिवंत आहे. माझी पद्धत अशी: प्रत्येक मॉडेलचा पूर्ण तक्ता मी टाकत नाही, पण उंबरठा कसा काढायचा ती कृती आणि एका सीटसाठी प्रत्यक्ष आकड्यांसह एक पूर्ण उदाहरण टाकतो. उरलेल्या मॉडेलांचे आकडे त्याच कृतीने निघत असतील तर ते देण्याची गरज मला वाटत नाही. ते आकडे निघायला आणखी काही युक्ती लागत असेल, तर ती युक्तीच तुमची सर्वोत्तम पद्धत आहे, आणि ती लिहावी लागेल.

मग एजंटचं अजिबात ऐकायचं नाही का? तसं नाही. रुंद क्लेम मागायला माझा विरोध नाही, तो एकटा ठेवायला आहे. वरचा क्लेम 'दाब मोजणाऱ्या सेलांची मांडणी' इतपत रुंद घ्या, खाली उतरत्या क्रमाने तुमची खरी मॅट, शून्य सावरण्याची पद्धत, बेल्टच्या ताणाची दुरुस्ती. वरचा गेला तर खालचा उरतो. मॅटशिवाय दुसरं एखादं तंत्र हवंच असेल, समजा सीटच्या चार बोल्टांपाशी लोड सेल, तर त्याची वेगळी आकृती, सर्किट आणि निदान एका नमुन्याच्या चाचणीचे निकाल द्या. पुढे ओईएम (गाडी बनवणारी कंपनी) तिकडे वळण्याची शक्यता असेल तर हा खर्च वसूल होतो. नुसतं नाव टाकून ठेवल्याने तुमचा क्लेम वाढत नाही. उलट तुमच्याच आधीच्या ओळीचा हवाला देऊन पुढचा माणूस तुमचं पुढचं पेटंट 'हे तर सुचवलेलंच होतं' म्हणून अडवू शकतो.

वेळेचं गणितही लक्षात घ्या. नंतर भर घालता येत नाही. कलम ५९ खाली दुरुस्ती म्हणजे वगळणं, चूक सुधारणं किंवा खुलासा. मूळ कागदात नसलेली नवी गोष्ट शिरत नाही. युरोपात तर याबाबत फारच कडक आहेत. प्रोव्हिजनल (तात्पुरता पहिला अर्ज) टाकून कंप्लीट स्पेसिफिकेशनसाठी १२ महिने मिळतात हे खरं, पण दोन परिच्छेदांच्या प्रोव्हिजनलवर तारीख मिळते ती त्या दोन परिच्छेदांपुरती. म्हणून प्रोव्हिजनलमध्येही मी चाचणीचे आलेख, सर्किट, फ्लोचार्ट, जे असेल ते ओबडधोबड का होईना पण घालतो. आणि अर्ज दाखल होण्याआधी ओईएमला नमुना देणार असाल तर गोपनीयतेचा करार आधी करा. आपल्या कायद्यातल्या सवलती प्रदर्शन, आवश्यक चाचणी अशा मोजक्या बाबींपुरत्या आहेत; त्यांच्या भरवशावर राहू नका.

मसुदा पुरेसा आहे की नाही हे पाहायची माझी एक चाचणी आहे, ती तुम्हीही करू शकता. तुमच्या कंपनीतला, पण या प्रोजेक्टवर नसलेला एक इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा धरा. त्याला फक्त स्पेसिफिकेशन आणि ड्रॉइंग द्या, तुम्ही तोंड उघडायचं नाही, आणि सांगा की यावरून सामानाची यादी आणि फ्लोचार्ट तयार कर. तो जिथे जिथे तुमच्याकडे विचारायला येईल तिथे पेन्सिलने खूण करा. 'सॅम्पलिंग किती वेळाने?' 'बेल्टचा सेन्सर नसलेल्या सीटवर काय करायचं?' 'दोन निकाल उलटसुलट आले तर एअरबॅग चालू ठेवायची की बंद?' असे प्रश्न येतात. यातले काही अगदी किरकोळ असतील, कुठल्याही डेटाशीटमध्ये उत्तर सापडणारे, ते सोडा. ज्यांचं उत्तर फक्त तुमच्या टेस्टच्या वहीत आहे, त्या खुणांची पानं घेऊन एजंटकडे जा आणि क्लेमचा मसुदा त्यानंतरच पुन्हा उघडा. शेवटचा, चालू की बंदचा प्रश्न आला तर तो पहिल्यांदा मिटवा, कारण त्यावर तुमच्या टीममध्येच एकमत नसण्याची दाट शक्यता आहे.